तीनचाकीची मागची शीट

खोली भाड्याने देण्याआधी मालकांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार किती, लग्न झालंय का, गाव कुठलं, यातलं काहीच नाही. अंगणातल्या खाटेवर बसून, डाव्या गुडघ्यावर पंजा दाबत ते म्हणाले, "समोर मानूस पडला तर काय करशील?"

मी नुकताच मराठवाड्यातून आलेलो. आपण किती सज्जन आहोत हे दाखवायची संधी कोण सोडतो? मी छाती पुढे काढून म्हणालो, "उचलीन की."

"मग खोली न्हाई."

मी पिशवी उचलून निघालोच होतो. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या काकू, म्हणजे मालकीणबाई, हसत म्हणाल्या, "अहो, नवं हाय पोरगं. नीट सांगा तरी त्याला."

मग मालकांनी नीट सांगितलं. "हितं पडलेल्याला कुनी उचलायचं न्हाई. पडलेला मानूस आपला आपन उठतो. न्हाईच उठता आलं तर हाक मारतो. हाक आली तर पळत जायचं. हाक आली न्हाई तर आपला चहा प्यायचा. जमंल?"

जमेल म्हणालो आणि खोली मिळाली. त्यानंतर मी त्यांना अंगणात, मोरीपाशी, गेटाजवळ पडताना पाहिलं आणि प्रत्येक वेळी चहा पीत बसलो. सुरुवातीला तो चहा घशाखाली उतरत नसे. पुढे सवय झाली. मालक उठून, कपडे झटकून माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "शाब्बास."

महाळुंग्यातली त्यांची शेती कंपन्यांत गेली त्याला आता जमाना झाला. उरलेल्या तुकड्यावर मालकांनी पत्र्याच्या खोल्यांची रांग काढली आणि त्यांच्या थोरल्या भावाने पिकअप घेऊन कंपन्यांची भाडी मारायला सुरुवात केली. आम्ही सगळे धाकट्याला मालक म्हणायचो आणि थोरल्याला थोरले. मालक मात्र आम्हाला नावाने कधीच हाक मारत नसत. ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव. "ए प्रेसशॉप, नळ बंद कर." "वेल्डिंग, बायको कवा आननार?" मी एका कंपनीत माल बाहेर पाठवायच्या खात्यात, म्हणून मी डिस्पॅच. माझ्या आईचा फोन आला तरी ते तिला सांगत, "डिस्पॅच शिफ्टला गेलाय, सांच्याला करा." तिला बरेच दिवस वाटत होतं, पोराने पुण्यात जाऊन आडनाव बदललं.

मालकांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला. शाळा ओढ्यापलीकडे. चौथीपर्यंत थोरल्यांनी त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेलं. एक दिवस वर्गातलं कुणीतरी म्हणालं, 'आलं बघ बोचकं.' दुसऱ्या दिवशी खांदा पुढे आला तर हा गडी बसेना. गुडघ्यावर हात दाबून, झोके घेत, ओढ्यात दोनदा बसकण मारून निघाला. थोरले मागून हळूहळू, हातभर अंतर ठेवून. "हात लावायचा न्हाई म्हनला," थोरले मला पिकअपच्या केबिनमध्ये सांगायचे, "मग काय करनार? मागं चालत ऱ्हायलो. रोज उशीर, रोज छडी. त्याला एक, मला एक. मला तर का मारायचे ते मास्तरला सुदीक ठावं नव्हतं."

काकू लग्नाचा किस्सा सांगायच्या, तोही तिखटमीठ लावून. नवरदेव घोड्यावरून मांडवाच्या दारात आला. मित्रमंडळी त्याला उचलून बोहल्यावर न्यायला सरसावली. नवरदेव उतरेना. सनई थांबली, वऱ्हाड ताटकळलं, सासरे हात जोडून उभे. शेवटी नवरदेवाने घोड्याला टाच मारली आणि घोडं थेट मांडवात घातलं, खुर्च्यांच्या मधून, बोहल्यापर्यंत. "भटजी मंगलाष्टक म्हनता म्हनता मागं सरकत गेलं," काकू सांगायच्या. "मी अंतरपाटाखालून बघितलं तर मला आदी घोड्याचेच पाय दिसलं." मालक हे ऐकताना गंभीर चेहरा करून मिशीवरून बोट फिरवत असत.

पुढे घोड्याच्या जागी तीनचाकी आली. मोटारसायकलचं पुढचं अंग, त्याला मागून रिक्षाचा सांगाडा जोडलेला, पायाच्या गिअरच्या जागी टाकीशेजारी हाताने ओढायचा लांब दांडा. चिखलीकडच्या भंगार बाजारातले एक मिस्त्रीचाचा ती बनवत होते तेव्हा मालक रोज तिथे जाऊन बसायचे. चाचांनी खूप समजावलं, की मालक, मोटारसायकलला रिव्हर्स कशाला हवा? मालक म्हणाले, "मागं ढकलायला मानूस लागतो. मला मानूस नको चाचा, गिअर पायजे." चाचांनी रिव्हर्स बसवला आणि वर म्हणाले, "लो, अब पूरा जिद्दी बन गया." रस्त्यावरून ती गाडी निघाली की भटकी कुत्रीसुद्धा उठून बाजूला होत.

आणि तिच्या मागे एक शीट होती. लाल रेक्झिनची, पाठीला उशी, हात ठेवायला दोन्ही बाजूंनी दांड्या. त्या शीटवर कुणीही बसायचं नाही. काकू बाजारात जाताना वडापच्या रिक्षात स्वतःला कोंबून घ्यायच्या, पण ती शीट रिकामी. कुणी विचारलं तर मालक म्हणायचे, "बुक हाय." कुणासाठी बुक आहे हे आख्ख्या महाळुंग्याला माहीत होतं. ती शीट थोरल्यांची होती आणि थोरले तिच्यावर बसत नव्हते.

हे सगळं समजायला या भावांचा मुक्काम म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. रविवारी सगळं जग लोळत असताना आमच्याकडे शिफ्ट सुटत-भरत असतात. मालक कुठल्याच कंपनीत नव्हते, पण सुट्टीसाठी देवाने गुरुवारच नेमलाय आणि रविवारची चूक इंग्रजांनी केली, असं त्यांचं ठाम मत होतं. तर बुधवारी सांजेला किंवा गुरुवारी सकाळी तीनचाकी पिकअपवर चढायची. सोबत कंपनीतून टाकून दिलेली ताडपत्री, झोपायला लाकडी पॅलेट, तवा, पातेलं, काकूंनी बांधून दिलेलं पीठ-मीठ. थोरले गाडी चालवायचे आणि दोघे भाऊ खेडच्या पुढे, घाटाखाली, कुठल्यातरी धरणाच्या काठाला जाऊन रात्र काढायचे. मी नंतर नंतर तिसरा म्हणून जाऊ लागलो. हिंजवडीची मंडळी हेच पैसे भरून करतात आणि त्याला कँपिंग म्हणतात, असं मी एकदा सांगितलं. "करू द्या," मालक म्हणाले. "त्यास्नी भाकर थापता येत न्हाई, म्हनून पैसं."

सरळ चालवतच का नेत नाही, असा प्रश्न मीही विचारला होता. हमरस्त्यावर कंटेनरच्या रांगेत ती तीनचाकी म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय जिथे डांबर संपतं आणि पिकअप थांबते, तिथून पुढेच तिचं खरं काम. पाण्यापर्यंतची चिखलवाट, झुडपांतली पायवाट. इतरांनी पिकअपपासून चालत जावं आणि मालकांनी बसून राहावं, हे होणे नाही.

चढवण्याचा सोहळा असायचा. तीन चाकांना तीन फळ्या, जाड, लोखंडी पट्ट्या मारलेल्या. पिकअपच्या मागच्या फाळक्याला टेकवून लावायच्या. मग आम्ही सगळ्यांनी दहा पावलं लांब उभं राहायचं आणि मालकांनी एका दमात गाडी वर घ्यायची. थोरले तेव्हा केबिनमध्ये ब्रेकवर पाय रोवून बसत आणि आरशात कधीच बघत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बघितलं तर मी उतरनार. उतरलो तर हात लावनार. मग त्यो आठ दिस बोलनार न्हाई."

रस्त्याने मात्र एक छळ होता. आमच्याकडे पिकअपवर मोटारसायकल दिसली की ती बंद पडलेलीच असणार, हे लोक धरून चालतात. चाकणच्या चौकात गाडी अडकली की कुणीतरी खिडकीशी येऊन विचारणारच, "काय झालं काका? इंजिन बसलं का?" मालकांना हे बोचकं म्हटल्यासारखंच लागायचं. शेवटी त्यांनी पिकअपच्या दोन्ही अंगांना रंगाने लिहून घेतलं: 'गाडी चालू आहे. चौकशी करू नये.' याने चौकशी दुप्पट झाली. एकदा ते चिडून वर चढले आणि भर कोंडीत, पिकअपवरच्या गाडीवर बसून इंजिन सुरू करून दाखवलं. ट्रॅफिक हवालदार हसून म्हणाला, "काका, वरात आहे का?" मालक वरूनच म्हणाले, "व्हय. तुमीबी चला." तो आला नाही, पण त्याने आम्हाला आधी सोडलं.

आता त्या शीटची गोष्ट. या भावांचं आजोळ भीमाशंकरच्या रस्त्याला आत, एका पठाराच्या पायथ्याशी. लहानपणी उन्हाळ्यात दोघे तिथे जायचे. पठारावर भैरोबा. वर अनवाणी जायची रीत, म्हणून सगळी पोरं पायथ्याच्या जांभळीखाली चपला काढायची आणि पळत सुटायची. मालक त्या चपला राखत झाडाखाली बसायचे. थोरले उतरून आले की वर काय काय दिसलं ते त्यांना सांगायचे. वरून समुद्र दिसतो. समुद्रात बोटी दिसतात. शिडाच्या बोटी, आणि एक धुराची.

मालकांनी हे गाठीला बांधून ठेवलं होतं. "आमच्या मामाच्या पठारावरनं समुद्र दिसतो," हे ते दर नव्या भाडेकरूला सांगत. वेल्डिंगवाला तळकोकणातला होता. तो म्हणाला, "मालक, सुमद्र थयसून? मधी आख्खो डोंगर आसा." दोघांची अशी जुंपली की काकूंनी मध्ये पडून वेल्डिंगला वडी खायला दिली. मालकांचं म्हणणं एकच, "माझ्या दादानं बघितलाय. तुझ्या दादानं बघितलाय का?"

काही वर्षांमागे मोबाईलच्या टॉवरसाठी त्या पठारावर कच्चा रस्ता निघाला. पिकअपला वळणांवर फिरायला जागा नव्हती, तीनचाकी आरामात गेली असती. म्हणजे मालक आता वर जाऊ शकत होते. पण गेले नाहीत. त्यांनी ती लाल शीट बसवून घेतली आणि जाहीर केलं, "जाईन तर दादाला मागं बसवून. एकटा जायाचं असतं तर चपला राखत कशाला बसलो असतो?"

थोरले दर हिवाळ्यात त्यांना पायथ्याशी नेत आणि दर हिवाळ्यात काहीतरी सबब काढत. पिकअपपाशी कुणीतरी थांबायला हवं, डिझेल काढून नेतात. आज उपास आहे. मला मागं बसायची सवय न्हाई. मालक खाली धरणाकाठी मुक्काम करून परत यायचे, पठाराकडे बघायचेही नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा फळ्या लागायच्या. एकदा मी थोरल्यांना भीत भीत खरं कारण विचारलं. ते बराच वेळ स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिले. "मी त्याला खांद्यावर वाहिलाय रे," ते म्हणाले. "त्याच्या मागं बसलो म्हंजे मी म्हातारा झालो. हाय त्ये असं हाय."

तोवर त्यांचे गुडघे बोलू लागले होते. डॉक्टरांनी गाडी चालवणं कमी करा सांगितलेलं. थोरले केबिनमधून उतरताना दाराला लोंबकळून, एक पाय हवेत ठेवून थांबायचे आणि आम्ही शहाण्यासारखे दुसरीकडे बघायचो. मालकांनी त्या हिवाळ्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, "डिस्पॅच, ह्या वर्षी त्यो बसला न्हाई तर मग गाडी चालवायला दादा नसंल आन् मी कुनाच्या पिकअपवर चढनार? ह्या वर्षीच." इतका हळवा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी मी तिसऱ्या शिफ्टवरून सुटत होतो. थोरल्यांची पिकअप आमच्याच कंपनीत रिकामे बिन टाकायला आलेली, मागचं तोंड डॉकला लावून उभी. डॉक म्हणजे माल चढवायचा ओटा, गाडीच्या हौद्याच्या उंचीचा. मालकांना घरी दम निघेना. ते तीनचाकी घेऊन थेट गेटवर आले, वॉचमनला म्हणाले, "माझा भाऊ आन् माझा डिस्पॅच आत हायेत," आणि फोर्कलिफ्टच्या उतारावरून डॉकवर चढून सपाटपणे पिकअपमध्ये शिरले. ना फळ्या, ना धाव. मला इतकं कौतुक वाटलं की मी सुपरवायझरला हाक मारून दाखवलं. आम्ही दोर बांधले, घरी फक्त पीठ-मीठ घेण्यापुरते थांबलो आणि निघालो.

पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. जांभूळ अजून उभं होतं. थोरल्यांनी फाळका खाली पाडला, मी दोर सोडले आणि फळ्या ओढायला हात घातला. हौद्यात फळ्या नव्हत्या. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चढवताना लागल्या नाहीत म्हणून कुणाला आठवल्या नाहीत. तिन्ही फळ्या महाळुंग्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या. ज्यांचा जन्म डॉकवर गेला त्यांचीच ही अक्कल, दुसरा कुणी असता तर फळ्या आधी टाकल्या असत्या.

गावातली पोरं जमली. अंगापिंडाने मजबूत, मनाने उदार. "त्यात काय काका! आठ जन लागतो, आत्ता उचलून ठिवतो खाली. तुमालाबी घेतो."

मालक तोवर हाताच्या जोरावर हौद्यात चढून तीनचाकीवर जाऊन बसले होते. "हात लावायचा न्हाई," ते वरून म्हणाले.

"अहो, गाडीच उचलनार, तुमाला न्हाई—"

"ही गाडी न्हाई, माझं पाय हायेत. पाय उचलत्यात का कुनी मानसाचं?"

पोरं मागे सरकली. थोरल्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "चला मग माघारी." मालक तसेच वर बसून पठाराकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिकडे बघताना प्रथमच पाहिलं. हे वर्ष गेलं तर पुढचं नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आणि मला डॉक दिसला. रस्त्याला लागून भाताची खाचरं, एकावर एक. भात काढून झालेला, जमीन कोरडी ठणठणीत. खालच्या खाचराचा दगडी ताल, म्हणजे बांधाची भिंत, माझ्या कमरेच्या वर होता. पिकअपचा हौदाही तेवढाच. त्या खाचरातून बैलांची वाट पुढे थेट टॉवरच्या रस्त्याला लागत होती. मी बोट दाखवलं. थोरल्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं. "रस्ता लई चिंचोळा हाय रे. मागचं चाक खड्ड्यात गेलं तर त्याला घेऊन पालथी व्हईल."

"मी आहे ना मागे," मी म्हणालो. "माझं कामच आहे ते."

वावराची मालकीण, पिकल्या केसांची बाई, विळा घेऊन आली. "माझा ताल ढासळला तर?"

मालक वरून म्हणाले, "ढासळला तर मी रचून देईन मावशे. दगडं रचायला बसावं लागतं, आन् बसायची मला सवय हाय."

ती डोळे बारीक करून बघत राहिली. "चपला राखायचा त्यो तूच का रं?"

मला वाटलं, आता संपलं. पण मालक ताठ झाले. "व्हय. त्योच. आज वर चाललोय."

"माझ्या न्हवत्या त्यात," ती म्हणाली. "मला चपलाच न्हवत्या. घाल गाडी."

तशी गाडी मी रोज डॉकला लावून घेतो, चहा पीत पीत. त्या दिवशी चहाची आठवणही नव्हती. मी तालावर उभा राहून हातांनी खुणा करत ओरडत होतो, "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं तोडा... पुढं घ्या परत... सरळ करा..." भाऊ हौद्यात असताना थोरले पहिल्यांदाच आरशात बघत होते. आरशात मी, आणि माझ्यापुढे हौद्यात, तीनचाकीचं हँडल धरून केबिनकडे तोंड करून बसलेला त्यांचा भाऊ. चाकाखालचा एक दगड निसटला, गाडी खचली, पोरं पुढे धावली. "थांबा!" थोरले केबिनमधून ओरडले, "हात लावू नका!" त्यांनी पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. फाळका तालावर येऊन टेकला. "बस्स!" मी म्हणालो. आवाज फाटला माझा.

मालकांनी रिव्हर्स टाकला. चाचांनी नाही नाही म्हणत बसवलेला तो गिअर. मागची दोन चाकं फाळक्यावर आली, पत्रा करकरला, मग ती मातीवर गेली, मग पुढचं चाक. तीनचाकी वावरात उतरली आणि बैलांच्या वाटेने टॉवरच्या रस्त्याच्या तोंडाशी, जांभळीखाली जाऊन उभी राहिली. तालाचा एक दगड हलला नाही. मी सांगतो, आमच्या कंपनीतून परदेशी माल गेला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता.

थोरले दाराला लोंबकळून उतरले. चार पावलं टाकली आणि गुडघा धरून थांबले. इतकं मागेपुढे करून पायाची पार वाट लागली होती. नेहमीची सबब त्यांच्या तोंडाशी आली, "मी हितं गाडीपाशी—"

"माझ्याच वावराला लागून हाय की गाडी," ती बाई म्हणाली. "मी हाय राखन. जावा तुमी."

पोरांचा उत्साह तसाच शिल्लक होता. त्यांतला एक पुढे होऊन म्हणाला, "आजोबा, गुडघं दुखत्यात ना? चला, खांद्यावर घेतो. वर भैरोबापतूर नेऊन सोडतो." दोघांनी त्यांच्या काखेत हात घातलेसुद्धा.

"सोडा!" थोरले कडाडले. "मला उचलायचं न्हाई!"

ते शब्द, तो सूर, ती हनुवटी. सगळं मालकांचं. थोरल्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण ते तसेच उभे राहिले आणि त्यांनी हळूहळू मान वळवून भावाकडे बघितलं. त्या बघण्यात ओढा होता, शाळा होती, छड्या होत्या. मालक हसले नाहीत. त्यांनी मागे हात नेऊन लाल शीट नुसती हाताने झाडली.

थोरले एकटेच, कुणाचा हात न घेता, तीनचाकीपर्यंत गेले. जांभळीखाली रिवाजाप्रमाणे चपला काढल्या आणि सवयीने त्या भावापुढे धरल्या.

"आज मी राखन न्हाई, दादा," मालक म्हणाले. "आज मी डायवर हाय."

थोरल्यांनी चपला झाडाखाली ठेवल्या, नीट जोडून, आणि शीटवर बसले. दोन्ही दांड्या घट्ट धरल्या.

मी माझ्याही चपला त्यांच्या शेजारी काढल्या आणि मागून चालत निघालो. वळणावळणावर तीनचाकी वर दिसायची, एक ताठ पाठ आणि तिच्यामागे दुसरी ताठ पाठ. मी धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा इंजिन बंद होतं. पठाराच्या कडेला दोघे गाडीवरच बसलेले, तोंडं मावळतीकडे. समोर डोंगर, त्यामागे डोंगर, त्यामागे आणखी डोंगर आणि मग नुसती पांढरट धूसर रेघ.

थोरल्यांनी शीटच्या दांड्या सोडल्या. मग घसा खाकरून म्हणाले, "हे बग... तवा मी तुला समुद्र सांगायचो ना... तू आपला खाली एकटा बसायचास, म्हनून मी—"

"दिसतोय की," मालक म्हणाले.

"आं? कुठं?"

"त्यो काय. चष्मा पूस."

थोरल्यांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळेही पुसले. पुन्हा घातला आणि बघत राहिले. "व्हय," ते शेवटी म्हणाले. "दिसतोय." थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "आन् बोटी?"

"आज गुरुवार हाय," मालक म्हणाले. "सुट्टी असंल."

आता माझं लग्न झालंय, मी पिंपळे गुरवला राहतो. थोरले गाडी चालवत नाहीत. पिकअप गुरुवारी मी चालवतो, फळ्या आधी मोजून टाकतो आणि पायथ्याशी उतरल्यावर लाल शीटवर थोरले बसतात. मध्ये तो कोकणातला वेल्डिंग भेटला. जुन्या गप्पा निघाल्या आणि त्याने हसत विचारलं, "काय रे, तू गेलास ना वर? खरं सांग, दिसतो का सुमद्र?"

माझे डोळे चांगले आहेत, चष्मा नाही. त्या दिवशी हवाही स्वच्छ होती.

"दिसतो," मी म्हणालो. "माझ्या मालकांनी बघितलाय. तुझ्या मालकांनी बघितलाय का?"